द्राक्षाला रात्र थंड लागते

गेल्या मे महिन्यात शहाद्याजवळच्या एका लग्नात जेवणं उरकून आम्ही चारपाच जण लिंबाच्या सावलीत बसलो होतो. पारा 43 वर. चुलत भावाचा मुलगा शेजारी येऊन टेकला. त्याची आठ एकर पपई. भाव बसलेला, त्यात विषाणूनं निम्म्या बागेची पानं आकसलेली. थोडं इकडचं तिकडचं बोलून त्यानं मुद्द्याला हात घातला, "नाना, आपला वावरमा वाईनकरता द्राक्षे व्हतीन का?" बांधावरचे दोन मोह तोडले की सलग चार एकर मांडव बसतो, एवढा हिशेब त्यानं मनात करूनच ठेवला होता.

हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. मी तळोद्याचा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि नाशिक गाठलं. तिथे वायनरीत चौदा हंगाम काढले. पहिले चार बागेत, उरलेले दहा सेलरमध्ये, म्हणजे रसाची वाईन होते त्या टाक्यांच्या कोठारात. आई थकली तेव्हा परत आलो. त्या दुपारी मी पोराला एका शब्दात "नाही" म्हणालो आणि त्याचा चेहरा पडला. लग्नाच्या गडबडीत कारण सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी शब्दाचा घोळ. 'वाईन शॉप' अशी पाटी लावलेल्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर सगळंच मिळतं, म्हणून वाईन हे दारूचंच दुसरं नाव असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. मी नाशिकला भट्टी लावतो असं माझी आई कित्येक वर्षं समजत होती. वाईनला भट्टी लागतच नाही. द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ती साखर खातात आणि तिचं अल्कोहोल करतात. लिटरभर रसातली साधारण 17 ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. वाईनच्या पिकलेल्या द्राक्षात लिटरमागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणून वाईन बारा-तेरा टक्क्यांवर थांबते. हा आंबलेला रस कुणी उकळला, त्याची वाफ धरली आणि थंड केली, तर ती गाळलेली दारू झाली. वाईन उकळत नाहीत. उलट तिचा सगळा जन्म तिला गरम होऊ न देण्यात जातो, आणि आपल्या देशात खरी अडचण तिथेच आहे.

द्राक्ष मूळचं थंड मुलखातलं. फ्रान्समध्ये हिवाळा आला की वेल पानं टाकतो आणि झोपतो. वसंतात डोळे फुटतात, सप्टेंबरात तोडणी होते. वर्षाला एक छाटणी, एक पीक. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. त्याला आपल्या हवेत बाराही महिने वाढायचं असतं. तसा वाढू दिला तर तो पावसाळ्यात फुलोऱ्यावर येईल, केवडा आणि भुरी घड खाऊन टाकतील, आणि जे उरेल ते भलत्याच महिन्यात पिकेल. म्हणून आपल्या शेतकऱ्यानं वेलाचं पंचांगच बदललं. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढायच्या, उन्हाळ्याच्या उन्हात नव्या काड्या घ्यायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत घड धरू द्यायचा. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. काडी मोजक्या डोळ्यांवर कापायची आणि डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषधाचं पेस्टिंग करायचं. या छाटणीनंतर येणारा घड डिसेंबरच्या थंडीत फुगतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतो. दोन छाटण्या, पण पीक एकच. नाशिक, सांगली, सोलापूरच्या शेतकऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात विशेष काय आहे असं त्याला वाटतं. मला विचाराल तर भारतात वाईन होते ती या दोन कात्र्यांमुळे. ब्राझीलमध्ये मिनास जेराईस भागातल्या शेतकऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला हीच वाट धरली. दुसरी छाटणी करून पीक पावसाळ्यातून उचललं आणि कोरड्या हिवाळ्यात नेऊन ठेवलं.

आता रात्रीविषयी. द्राक्ष पिकतं तेव्हा साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. दोन्हींचा मेळ बसला तर वाईनला चव येते. दिवसाचं ऊन साखर करतं, ते आपल्याकडे भरपूर आहे. पण वेल रात्रीही श्वास घेतो. रात्र गरम असेल तर त्या श्वासात तो मण्यातलं मॅलिक आम्ल जाळून टाकतो. सकाळी घड गोड लागतो, पण पुळचट. अशा रसाची वाईन जाड आणि निर्जीव होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथली रात्र दहा अंशांच्या खाली जाते. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं थंडीतलं किमान तापमान पेपरात छापून येतं, ते आपण सगळे वाचतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाचा आंबटपणा जपला जातो तो त्या आकड्यांमुळे.

घड कधी तोडायचा हे ठरवायला हातात रिफ्रॅक्टोमीटर असतो. त्याच्या काचेवर दोन थेंब पिळायचे, उजेडाकडे धरून साखरेचा आकडा वाचायचा. पण माझे बागेतले वरिष्ठ आधी मणी तोंडात टाकायचे आणि बी थुंकून तळहातावर घ्यायचे. बी हिरवं असेल तर थांबा. तपकिरी झालं आणि दाताखाली भाजल्या शेंगदाण्यासारखं फुटलं, तर तोडा. खाण्याच्या द्राक्षाशी याची तुलना करू नका. थॉमसन किंवा सोनाका बिनबियांचं, टपोरं, पातळ सालीचं असतं. वाईनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं, कारण रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. एकरी माल तर खाण्याच्या द्राक्षाच्या निम्माही मिळत नाही.

तोडणी पहाटे चारला. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या डोक्याला बॅटरी बांधून ओळींत शिरायच्या. कात्रीचा कट्‌कट् आवाज आणि क्रेटमध्ये घड पडल्याचा मऊ ठोका, एवढंच ऐकू यायचं. बोटं गारठून काम करेनाशी झाली की बायका हात काखेत धरायच्या. नऊच्या आत माल आत गेलाच पाहिजे, हा नियम. उन्हात दोन तास राहिलेला क्रेट खालून रस सोडतो आणि रस सुटला की हवेतले नको ते जीव त्यावर बसतात. ऑस्ट्रेलियातही उष्ण भागांत रात्रीच तोडणी करतात, मोठाल्या यंत्रांवर दिवे लावून.

आत आलेल्या पांढऱ्या द्राक्षाचा रस लगेच काढतात, थंड करून रात्रभर निवळतात आणि मग 12 ते 16 अंशांवर सावकाश आंबवतात. लाल वाईनचं वेगळं. रस सालींसकट टाकीत जातो, कारण लाल रंग रसात नसतो, सालीत असतो. आंबायला लागलं की खालून येणारा वायू सगळ्या साली वर ढकलतो आणि हातभर जाडीचा थर तयार होतो. त्याला आम्ही टोपी म्हणायचो. दिवसातून तीन-चार वेळा तळाचा रस पंपानं उचलून टोपीवर सोडायचा, नाहीतर ती वाळते आणि व्हिनेगरचा वास मारते. पहाटेच्या पाळीत टाकीचं झाकण उघडलं की जांभूळ, मिरी आणि ओल्या मातीचा एकत्र वास यायचा. पण वाकून वास घ्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वर कार्बन डायऑक्साईड साठलेला असतो. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत एकट्यानं उतरून माणूस दगावू शकतो.

यीस्ट साखर खाताना उष्णताही सोडतं. म्हणून टाकीला दुहेरी भिंत असते आणि त्या पोकळीत थंडगार द्रव फिरत राहतो. एका फेब्रुवारीत, मी तेव्हा ज्या वायनरीत होतो तिथे, दुपारी वीज गेली आणि जनरेटरही बसला. शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची टाकी ऐन भरात, 14 अंशांवर. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, गोणपाटं भिजवून टाकीला गुंडाळली, रात्रभर त्यावर पाणी मारलं. पहाटे काटा 22 वर होता. वाईन बिघडली नाही, पिण्याजोगी राहिली. पण आदल्या दिवशी त्या टाकीतून पिकल्या पेरूचा जो वास येत होता तो कायमचा गेला. वास हवेत उडून जातो, परत आणता येत नाही. त्या रात्री मला कळलं की उष्ण देशातली वाईन म्हणजे विजेचं बिल आणि डिझेलचा साठा. एका बाटलीमागे किलो-सव्वाकिलो द्राक्ष लागतं, तेवढंच थंडाव्याचं गणित लागतं.

वाईन या भागाला नवी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भडोच बंदरात इटलीची वाईन उतरत असे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून त्याच भडोचला जायचा. नेवासा आणि तेरला रोमन घाटाच्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. पण ती सगळी आयात. इथल्या मातीतली वाईन गंभीरपणे सुरू केली ती शामराव चौगुले यांनी, 1980 च्या दशकात नारायणगावला. फ्रेंच तंत्रज्ञ आणून त्यांनी बुडबुड्यांची वाईन केली आणि ती परदेशात विकून दाखवली. त्यानंतर राजीव सामंत कॅलिफोर्निया सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आले. 1997 मध्ये वाईनच्या वेली लावल्या आणि 2000 मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला करात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले.

त्यानंतर जे झालं ते माझ्या पुतण्यानं नीट ऐकावं. धोरण आलं, भाव चांगला सांगितला गेला, आणि शेकडो शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षं काढून वाईनची लावली. 2008 च्या सुमाराला मंदी आली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, माल उचलायला कुणी नाही. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. बियांचं, लहान, कोण खाणार? बेदाणाही होत नाही. लोकांनी उभ्या बागा उपटल्या. मी कुऱ्हाड चालताना पाहिलंय. तीन वर्षं पोराबाळासारखा वाढवलेला वेल तोडायला अर्धं मिनिट लागतं. ज्याचं एकच गिऱ्हाईक आहे असं पीक लेखी कराराशिवाय कुणीही लावू नये.

आता आपला जिल्हा. नंदुरबार शहर जेमतेम 200 मीटर उंचीवर आहे. शहादा, प्रकाशे ही तापीच्या खोऱ्यातली गावं त्याहूनही खाली. शंभर मीटर खाली उतरलं की हवा अर्ध्या अंशाहून थोडी जास्तच तापते. म्हणजे नाशिकच्या आणि आमच्या शेताच्या मध्ये अडीच-तीन अंश केवळ उंचीचे. थंडी आपल्याकडेही पडते, पण ती थोडे दिवस टिकते. फेब्रुवारी निम्मा झाला की दुपार तापते आणि रात्रीही अंगावर पांघरूण नको होतं. घड नेमका तेव्हा पिकत असणार. काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन पपई-केळीला सोनं आहे. वाईनच्या वेलाला मुरमाड उतार लागतो, त्याला थोडं उपाशी ठेवावं लागतं. द्राक्ष इथे जगेल, गोडही होईल. वाईन चांगली होणार नाही.

मग काही जण तोरणमाळचं नाव काढतात. उंची सुमारे साडेअकराशे मीटर, रात्री थंड, सगळं खरं. पण तिथे वनजमीन आहे, वनहक्काचे दावे आहेत, माणसांना प्यायच्या पाण्याची उन्हाळ्यात ओढ आहे. ते पाणी कुणाच्या बाटलीसाठी वळवावं असं मला वाटत नाही.

पुतण्याला मी "नाही" म्हणालो त्याला आणखी एक कारण होतं. तो जे दोन मोह तोडणार होता ते.

नाशिकहून परत आल्यावरच्या पहिल्या मार्चमध्ये पहाटे आईबरोबर बांधावर गेलो. होळी झाली होती. मोहाची फुलं रात्रीतून गळतात, उन्हं चढायच्या आत वेचायची असतात. बोराएवढं, पिवळसर पांढरं, मांसल फूल. दोन बोटांत धरलं की चिकट गोड पाणी सुटतं. माझ्या खिशात जुना रिफ्रॅक्टोमीटर होता. एक फूल काचेवर पिळलं आणि पूर्वेकडे धरलं. आकडा 21 च्या पुढे. नाशिकला ज्या आकड्यासाठी दोन छाटण्या, ठिबक, पेस्टिंग आणि वर्षभर फवारण्या करायचो, तो इथे बिनछाटणीच्या, बिनपाण्याच्या झाडाखाली पाचोळ्यात पडला होता. आई म्हणाली, "काय बघतोस एवढं? भर टोपली."

आमच्याकडच्या भिल्ल, पावरा, मावची घरांत मोहाशिवाय लग्न नाही की देव नाही. पहिली धार जमिनीला, पूर्वजांना. याहामोगी मातेच्या जत्रेतही मोहाची दारू वाहतात. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं ती घरी गाळणं गुन्हा केला. तेव्हापासून डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला पोलीस आला आणि मैदानातल्या ठेकेदाराच्या वाट्याला परवाना. द्राक्षाला मिळालं तसं धोरण मोहाला बरीच वर्षं मिळालं नाही. अलीकडे थोडं बदलतंय. 2021 मध्ये महाराष्ट्रानं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले. नर्मदेपलीकडे, आपल्याला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात मध्य प्रदेश सरकारनं आदिवासी बचतगटांना मोहाचं मद्य परवान्यानं करायला दिलं.

हे लिहिताना दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. माझ्याच तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. एकमेकांना 'आप की जय' म्हणणारी त्यांच्या अनुयायांची घरं आजही आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर शहाद्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी गावोगावी दारूचे अड्डे गाठून मडकी फोडली, कारण नवऱ्यांची मजुरी तिथे जात होती आणि मार घरी येत होता. त्या बायका बरोबर होत्या. वाईन तब्येतीला चांगली, असं सांगणारा विक्रेता असो की मोह म्हणजे औषध म्हणणारा, दोघांचंही ऐकू नये. अल्कोहोल हे अल्कोहोल आहे.

पण मोहाचं फूल म्हणजे दारू नव्हे. सुकवलेलं फूल मनुकेसारखं खाता येतं. लाडू, सरबत, पाक होतो. टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बीचं, तेल निघतं. ज्याला परवाना काढून वाईनच करायची आहे त्यालाही हे फळ-फूल आपल्या मातीतलं घेता येईल. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाईन होते, ती तिथे चिकू पिकतो म्हणून. आज आमच्या फुलाला भाव मिळत नाही तो मातीमुळे. झाडाखाली पाचोळा जाळतात, राखेत आणि धुळीत फूल पडतं, अंगणात वाळतं, व्यापारी त्याला चाळण लावून पैसे कापतो. नाशिकला मी चौदा वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकलो. फळ स्वच्छ, थंड वेळी तोडलेलं आणि लगेच आत नेलेलं असेल तर निम्मं काम झालं. मोहाखाली जमिनीपासून हात-दोन हात उंच जाळी बांधली, फूल तिच्यात झेललं आणि ताडपत्रीवर वाळवलं, तर राख नको, आग नको, पहाटे बायकांना कंबर मोडून एकेक फूल वेचणंही नको. खर्च एका जाळीचा. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातल्या बचतगटांनी यंदा एकेका झाडापुरतं तरी हे करून बघावं, माझी विनंती आहे. जाळी कशी बांधायची ते दाखवायला मी येईन.

लग्नानंतर महिन्यानं पुतण्याच्या शेतावर गेलो. पपईची निम्मी बाग काढून त्यानं खरिपासाठी रान मोकळं केलं होतं. द्राक्षाचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. बांधावरचे दोन्ही मोह उभे होते, नवी पालवी फुटून गच्च झालेले.